दाराजवळची खुर्ची

एकदा एका गावात एका खुर्चीवरून भांडण जुंपलं. तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय, खुर्चीवरून भांडणं कुठे होत नाहीत? खरं आहे. पण ही खुर्ची कुणालाच बसायला नको होती. तिच्यात कुणी बसायचं नाही, यावर सर्वांचं एकमत होतं. तंटा होता तो एवढ्यापुरताच की, कोणत्या दिवंगताच्या नावानं ती रिकामी ठेवायची!

गाव तालुक्याचं, आटोपशीर. तिथे एक सेवा मंडळ होतं. रुग्णाला शहरातल्या दवाखान्यात न्यायला गाडी, हाड मोडलेल्याला कुबड्या, अंथरुणाला खिळलेल्याला खाट, बेवारस मृताला खांदा, असली कामं ही मंडळी बिनबोभाट करीत. चांगली माणसं होती हो. आपल्याकडे चांगल्या माणसांची भांडणं अधिक चिवट असतात, एवढंच. मंडळाला पन्नासावं वर्ष लागलं, तेव्हा सुवर्णमहोत्सव करायचा आणि मंडळाचा इतिहास छापायचा असं ठरलं. इतिहास लिहायचं काम चिटणीसाच्या गळ्यात पडलं. त्याचं नाव निरंजन.

या निरंजनाच्या पायाला भिंगरी होती. सभेत तो कधी बसलेला कुणी पाहिला नाही. चहा सांगायला उठ, फोन घ्यायला उठ, काहीच नसलं तर खिडकी उघडायला उठ. गावात कुणाची हाक आली की दुसऱ्या हाकेला हा दारात हजर. लोक म्हणत, पोरगा म्हणजे सोनं आहे. आणि या सोन्यासारख्या पोराची बायको, रेवती, पावसाळ्याआधीच माहेरी निघून गेली होती. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मजेत आहोत," आणि स्कूटरला किक मारायचा.

जाताना रेवती भांडली नव्हती, तेच त्याला खुपत होतं. बॅग भरताना ती एवढंच म्हणाली होती, "गावाला तू लागतोस. तुला मात्र कुणीच लागत नाही. आजारी पडलास तरी सांगत नाहीस. मग मी इथे काय करू?" त्यावर तो खिडकी उघडायला गेला. तेव्हापासून तो रोज तिला फोन करी आणि रोज तोच प्रश्न विचारी, "तुला काही हवंय का?" ती म्हणे, "नाही." फोन बंद. मग हा घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत बसे. बसे कसला, मारत राही.

तर ही खुर्ची. मंडळाच्या सभागृहात दाराला लागूनच ती असे. साधी, सागवानी, एका हाताची वेताची वीण सुटलेली. इतर खुर्च्या सभेसाठी ओळीत मांडत. ही तेवढी दाराशी एकटी. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुनी इतिवृत्तं वाळवीनं फस्त केली होती आणि सुरुवातीच्या मंडळींपैकी एक अप्पा सोडले तर कुणी उरलं नव्हतं. पण कारण ठाऊक नसलं म्हणून आपण थोडेच थांबतो! कुणीतरी एका गुरुपौर्णिमेला तिच्यावर फूल ठेवलं. पुढल्या वर्षी हार आला. मग मागच्या कार्यकारिणीनं तिच्याभोवती पितळी खांब उभारून लाल मखमली दोरी लावली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायला नको. मदत मागायला येणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिथे संध्याकाळी छापील अर्ज मिळत. उभ्यानंच भरायचे.

आता सुवर्णमहोत्सवात त्या खुर्चीवर एक तसबीर ठेवायची टूम निघाली आणि तिथेच माशी शिंकली. अध्यक्ष धनराजशेठ हे धान्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या वडिलांनी मंडळाला इमारत बांधून दिलेली. ते म्हणाले, "खुर्ची आमच्या दादांची. त्याशिवाय का इथे ठेवली?" उपाध्यक्ष सबनीस वकील म्हणाले, "अहो, गाडी आणली कुणी? आमच्या मामांनी. खुर्ची त्यांची." बघता बघता दोन तट पडले. शेठ म्हणाले, इमारत आमची आहे हे विसरू नका. वकील म्हणाले, मग गाडी आमच्या दारात लागेल. निरंजन दोन्हीकडे धावू लागला. घरचं घर मोडायला आलेलं, त्यात मंडळही मोडलं तर या माणसानं धावायचं तरी कुठे?

दोघांनीही शेवटी त्याच्यावर सोपवलं. "तू इतिहास लिहितोयस ना? खुर्ची कुणाची ते शोध. रविवारच्या सभेत सांग."

तो अप्पांकडे गेला. अप्पा म्हणजे मंडळाच्या संस्थापकांतले शेवटचे. पूर्वी सरकारी दवाखान्यात औषधं बनवून देणारे मिश्रक होते. निरंजनला स्ट्रेचर धरायला, रुग्णाशी कसं बोलायचं, शोकाच्या घरात कसं गप्प राहायचं, हे सारं त्यांनीच शिकवलेलं. तो त्यांना गुरूच मानी. पण अलीकडे ते मंडळात फिरकत नसत. वय झालं, असं सर्वांनी धरून चाललेलं.

अप्पा दार ओढून घेऊन अंगणात आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"अप्पा, ती दाराजवळची खुर्ची कुणाची हो?"

अप्पांनी आत कान दिला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "आज नको रे. मग ये."

"बरं. तुम्हाला काही हवंय का?" निरंजननं विचारलं. विचारताना त्यानं स्कूटर वळवलीसुद्धा होती.

"छे, छे. मजेत आहे."

पुन्हा गेला तेव्हाही तसंच. दार ओढलेलं, अप्पा अंगणात, बोलणं अर्धवट. तिसऱ्या खेपेला निरंजन काकुळतीला आला. "अप्पा, रविवारी निकाल सांगायचाय. मंडळ फुटेल हो!"

अप्पांनी एकदा ओढलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "सांगून कळण्यातली गोष्ट नाही ती. रविवारी मी येतो."

रविवारी सकाळी सभागृह खच्चून भरलं. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन तसबिरी तयार. डावीकडे शेठांचे लोक, उजवीकडे वकिलांचे. मधल्या वाटेत निरंजन येरझाऱ्या घालतोय, घड्याळ बघतोय, पुन्हा येरझाऱ्या. निकाल सांगायचा आणि निकालाचा पत्ता नाही. त्याला वाटलं, आत्ता कुणाच्या घरून गाडीसाठी फोन आला तर किती बरं होईल!

इतक्यात दारातून अप्पा आले. काठी टेकत सरळ खुर्चीपाशी गेले. मखमली दोरीचा आकडा काढला. खुर्चीवरचा हार उचलून टेबलावर ठेवला. आणि सावकाश, दोन्ही हातांवर भार देत, खुर्चीत बसले.

सभेत जो गलका उसळला म्हणता!

"अप्पा! अहो, अप्पा, तिथे नाही!"

"बसलेच की हो खुशाल!"

"म्हणजे हा तिसरा उमेदवार," मागून कुणीतरी खोचक बोललं. "तसबीर लावायची वाट तरी बघायची!"

धनराजशेठांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अप्पा, तुम्ही वडीलधारे. तुम्हाला मान हवा होता तर आम्ही व्यासपीठावर बसवलं असतं. पण ही काय रीत झाली?"

वकीलही म्हणाले, "शेठ बरोबर बोलताहेत." कित्येक आठवड्यांत प्रथमच दोघांचं जमलं!

अप्पा काही बोलेनात. राग नाही, लाज नाही. हात मांडीवर ठेवून ते समोर बघत होते, जणू कुणाची वाट बघताहेत. आवाज चढत गेले. कुणी घटनेची कलमं काढली, कुणी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणालं. अप्पांची मान एकदा पुढे झुकली, दचकून सावरली, पुन्हा झुकली.

"निरंजन, उठव त्यांना," अध्यक्षांनी फर्मावलं.

निरंजन दोन पावलं पुढे झाला आणि थबकला. गुरूला दंडाला धरून उठवायचं? पण सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. तो गेला, वाकला, दंडाला हात लावला. खाली नजर गेली तर अप्पांच्या एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली. आयुष्यभर इस्त्रीचे कपडे घालून रुग्णसेवा केलेला हा माणूस! निरंजनच्या मनात चर्र झालं. अंगणातला ओढून घेतलेला दरवाजा त्याला आठवला. तीनदा आपण तिथे गेलो आणि तिन्ही वेळा पाय स्कूटरवरच होते, हेही आठवलं.

अप्पांना उठवण्याऐवजी तोच खाली बसला. फरशीवर, मांडी घालून, त्यांच्यासमोर. सभेत बसलेला निरंजन लोकांनी तेव्हा प्रथम पाहिला.

"अप्पा," तो म्हणाला, "काय हवं?"

अप्पांचे डोळे भरून आले. ज्याची वाट बघत होते ते आलं, असा त्यांचा चेहरा झाला.

"झोप," ते म्हणाले. "झोप हवी रे मला."

कलमं काढणाऱ्यांनी घटना मिटून ठेवली.

"माईला आता काही आठवत नाही," अप्पा सांगू लागले. माई म्हणजे त्यांची पत्नी. "दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. डोळा लागला की दार उघडून चालू लागते. मागे एकदा पार धरणाच्या रस्त्याला सापडली. तेव्हापासून मी उंबऱ्याशी बसून असतो. आत्ता शेजारची सूनबाई घटकाभर बसलीय तिच्याजवळ, म्हणून आलो. दुपारचं कुणी दोन तास येऊन बसेल का? मी पाठ टेकीन."

"अप्पा, अहो, एक निरोप धाडायचा!" शेठ कळवळून म्हणाले. "गाव लोटलं असतं."

"निरोप धाडता आला असता तर काय हवं होतं, शेठ?" अप्पा म्हणाले. "तुम्हाला ही खुर्ची कुणाची ते हवंय ना? मग ऐका. मंडळ सुरू झालं ते आमच्या घराच्या पडवीत. आम्ही पोरं तावातावानं सेवेच्या गप्पा मारायचो. गरजू कुठे सापडतील याच्या योजना करायचो. आणि ज्याला खरोखर काही हवं असायचं तो दारात चपला काढून उभा राहायचा, आमचं बोलणं काही संपत नाही असं बघून निघून जायचा. आम्हाला पत्ताच नाही! माईला स्वयंपाकघरातून सगळं दिसायचं. एक दिवस तिनं आतली ही खुर्ची आणून दाराशी आदळली आणि आम्हाला दरडावलं, इथे कुणी बसलं की तुमची सभा बंद. एकानं उठायचं, त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि काय हवं ते विचारायचं. त्याचं सांगून होईपर्यंत हलायचं नाही. मंडळाचा नियम म्हणाल तर तेवढाच होता."

"मग तुम्ही हार घालू कसे दिलेत?" वकिलांनी विचारलं. आवाजातला वकील मात्र गेला होता.

"मलाही बरंच वाटलं हो. खुर्चीत कुणी बसेनासं झालं, तेव्हा वाटलं, गाव सुखी झालं." अप्पा कसनुसे हसले. "पुढे माझ्यावर वेळ आली. अनेकदा या दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. अख्ख्या गावाचं मी केलं, मी कुणापुढे हात पसरू? हा ताठा मला सेवेनंच चढवला. द्यायला मी तरुणपणीच शिकलो, त्यात लोक वाहवा करतात. मागणं मात्र जमेना. निरंजना, मागणाऱ्याला खालचा समजू नकोस. तो आपल्यावर विश्वास टाकतो, तेव्हा कुठे आपल्या हातून सेवा घडते. आणि ज्याला कधीच काही नको असतं ना, त्याच्या शेजारी दुसऱ्या माणसाला जागाच उरत नाही."

निरंजननं मान वर केली. हे वाक्य त्यानं वेगळ्या शब्दांत, भरल्या बॅगेच्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं.

"म्हणजे खुर्ची माईंची," शेठ हलक्या आवाजात म्हणाले.

"आत्ता माझी आहे. मी उठलो की पुढच्याची," अप्पा म्हणाले आणि निरंजनचा हात धरून उठले.

धनराजशेठांनी आपल्या वडिलांची तसबीर काखेत मारली आणि दुपारच्या पाळीसाठी पहिलं नाव स्वतःचं सांगितलं. वकिलांनी दुसरं. निरंजन म्हणाला, "आज मी जातो."

दुपारी तो अप्पांच्या घरी गेला. अप्पा आतल्या खोलीत गेले आणि पाठ टेकताच घोरू लागले. निरंजन माईंसमोर बसला. पाय चुळबुळत होते, फोनकडे हात जात होता. त्यानं फोन खिशात खोल सारला.

माईंनी त्याला न्याहाळलं. ओळख पटली नाही. पण शेजारचं मोडकं स्टूल त्यांनी पुढे सरकवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बसा. काय हवं?"

त्याला भडभडून आलं. "मला काही नको, माई. मी तुमच्याजवळ बसायला आलोय."

माईंनी मान डोलावली. थोडा वेळ बोटांनी पदराची घडी घातली, उलगडली. मग पुन्हा त्याच्याकडे बघून, जणू तो आत्ताच आला आहे अशा सुरात त्या म्हणाल्या, "बसा. काय हवं?"

"काही नको, माई."

नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, परगावी असलेल्या पोटच्या मुलांचे चेहरे गेले होते. हा एक प्रश्न तेवढा त्यांच्याकडे राहिला होता. त्यांनी तो पुन्हा विचारला. या खेपेला निरंजनला खोटं बोलवेना.

"माई, बायको घर सोडून गेलीय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. "ती परत यायला हवी. मला मागता येत नाही हो."

माईंना त्यातलं काय कळलं, देव जाणे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

तिथूनच त्यानं फोन लावला. "रेवती," तो म्हणाला, "आज तुला काही विचारत नाही. मला हवंय. घर खायला उठतं मला. जेवण गळ्याखाली उतरत नाही. तू येशील?"

मग ती म्हणाली, "कुठे आहेस?"

"अप्पांकडे. माईंजवळ बसलोय."

"बसलायस? तू?"

मग त्यानं तिला खुर्चीची सगळी हकिकत सांगितली. तिनं ऐकून घेतली. "बघू," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बघू'वर त्यानं पुढचे काही आठवडे कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. इतिहासातलं खुर्चीचं प्रकरण त्याच दिवसांत लिहिलं. आधीच्या मसुद्यात कुणी काय दिलं त्याचीच जंत्री होती. आता तो घरोघर जाऊन, दारात नव्हे, आत बसून विचारत होता, तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा किती वेळ बाहेर घुटमळलात? लोकांना ते वर्षानुवर्षं आठवत होतं.

सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी खुर्ची दाराशी होती. हार नाही, दोरी नाही. मागची खिडकी बंद करून टाकली होती. पहिल्या रांगेत अप्पा, धुतल्या कपड्यांत, आणि त्यांच्या शेजारी माई. व्यासपीठावर धनराजशेठांचं भाषण रंगात आलेलं. निरंजन कोपऱ्यात उभा, नजर दाराकडे, दुपारची एसटी केव्हाच येऊन गेलेली.

शेठ मध्येच थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. सगळं सभागृह मागे वळलं.

दाराजवळच्या खुर्चीत रेवती बसली होती. पायाशी बॅग, केस वाऱ्यानं विस्कटलेले. गर्दीकडे न बघता समोर बघत होती.

निरंजन त्या एवढ्या लोकांमधून चालत गेला. तिच्यासमोर फरशीवर बसला. त्याला धाप लागली होती.

"काय हवं?" त्यानं विचारलं.

"घराची किल्ली," रेवती म्हणाली. "बॅग जड आहे. आणि तू उचल म्हणून सांगतेय, ऐकू येतंय का?"

हे काही मंडळाच्या छापील इतिहासात नाही. तो त्याआधीच छापून झाला होता. पण तुमच्या गावात असं एखादं मंडळ असेल, किंवा नुसतं घर असेल, तर दाराशी एक खुर्ची रिकामी ठेवा, आणि कधीतरी आपणही तिच्यात जाऊन बसा.